लायसिन ११४ म्हणजे पास की नापास?

पत्र :

ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. डब्यात त्याला बटाट्याची पिवळी भाजी आणि तीन पोळ्या, एवढंच चालतं. दुसरी कुठलीही भाजी दिली की डबा जसाच्या तसा परत. सकाळी पोहे आणि कपभर दूध घेतो. रात्री भातावर वरण नावाला, एक पोळी आणि बाजूला परत बटाटा. दिवाळीत पुण्याहून माझा भाचा आला होता, तो जिमला जातो. त्याने मोबाइलवर उकडलेल्या बटाट्याचा तक्ता काढून दाखवला : लायसिन ११४, मेथिओनिन ३०, ट्रिप्टोफॅन २९. म्हणाला, ‘मावशी, यात मेथिओनिन जवळजवळ नाहीच. हे प्रोटीन अपुरं, अंगी लागत नाही. याला पावडर सुरू कर.’ सासूबाईंचं म्हणणं, बटाटा म्हणजे वातूळ, निव्वळ पीठ. आणि मुलगा तक्ता बघून विचारतो, ‘आई, लायसिन ११४ म्हणजे पास की नापास?’ मला उत्तर देता आलं नाही. भाजी बंद करू का? पावडर आणू का? आणि मी बटाटे सोलून, चिरून उकडते नि पाणी ओतून देते, त्यात काही वाया जातं का?
— एक आई, कराड

उत्तर :

नमस्कार. इतकी वर्षं हे सदर लिहितेय, पण बटाट्याच्या भाजीच्या मार्कांवर पत्र पहिल्यांदाच आलं. तुमच्या मुलाने विचारलंय ते तुमच्या भाच्याने विचारायला हवं होतं. म्हणून आधी त्याचं उत्तर : लायसिन पास. मेथिओनिनही पास. भाजी बंद करू नका, पावडर आणू नका. वरणाकडे मात्र जरा बघावं लागेल. आता सावकाश सांगते.

भाच्याने दाखवलेला तक्ता खोटा नाही. लायसिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्यांची बनते त्या कड्या. सालासकट उकडून मग सोललेल्या शंभर ग्रॅम बटाट्याचे हे आकडे आहेत आणि ते मिलिग्रॅममध्ये आहेत. एवढ्या बटाट्यात प्रथिनं भरतात १.८७ ग्रॅम. आपल्याकडच्या बटाट्यात दीड ते दोन ग्रॅमच्या मधे कुठेतरी. जात, जमीन, खत यांवर थोडं मागेपुढे होतं, पण चित्र तेच राहतं. चूक झाली ती वाचण्यात. भाच्याने आकडे एकमेकांशी ताडले. ११४ मोठा, ३० लहान, म्हणून ३०वाला नापास. पण शरीराला ही सगळी अमिनो आम्लं सारख्या मापाने लागतच नाहीत. पाव किलो पोह्यांना हिंग चिमूटभर लागतो. फडताळात पोहे किलोभर आणि हिंगाची लहानशी डबी असेल तर हिंग संपत आला असं तुम्ही म्हणाल का? तसंच हे. प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या गरजेशी ताडायचा, शेजाऱ्याशी नाही.

गरजेचं माप जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या २००७ सालच्या अहवालात मिळतं. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी, पोटात जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ४८ मिलिग्रॅम असावं, ल्यूसिन ६०, थ्रिओनिन २५, ट्रिप्टोफॅन साडेसहा. मेथिओनिनचं माप एकट्याचं काढत नाहीत, त्याच्या जोडीला सिस्टिन धरतात, कारण सिस्टिन असलं की मेथिओनिनवरचा भार हलका होतो. दोघांचं मिळून २३.

आता बटाट्याचा तक्ता १.८७ ने भागा. लायसिन ११४ भागिले १.८७, म्हणजे ६१. हवं होतं ४८. मेथिओनिन ३० आणि सिस्टिन २४ मिळून ५४, भागल्यावर २९. हवं होतं २३. ज्या ट्रिप्टोफॅनचा आकडा सगळ्यांत केविलवाणा दिसत होता ते पंधराच्या वर, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. थ्रिओनिन ३६. एकटं ल्यूसिन बरोबर काठावर, ६० ला ६०. मुलाला सांगा, एकाही विषयात नापास नाही आणि एका विषयात अगदी पासिंगपुरते मार्क.

बटाट्याला हे मार्क मिळालेले बघून तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि ते जरा लाजिरवाण्या रीतीने. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर एका महिला मंडळात आहारावर बोलायला गेले होते. पावसाळ्यात त्या पठारावर नजर जाईल तिथे बटाटा असतो, आणि मी नेमकी तिथे उभी राहून म्हणाले, ‘बटाटा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नसतंच.’ मागच्या ओळीतल्या एक बाई पदर खोचून उभ्या राहिल्या. ‘बाई, काढणीच्या दिवसांत आम्ही दोन्ही वेळेला बटाटाच खातो आन् दिवसभर वाकून राबतो. ते काय हवेवर?’ सगळ्या हसल्या. मी काहीतरी सारवासारव केली आणि परतीच्या एसटीत बसल्यावर ठरवलं की हे एकदा नीट बघायचं.

बघितलं तेव्हा पोलंडमधला एक जुना प्रयोग सापडला. एक पुरुष आणि एक स्त्री, दोघंही तरुण, १६७ दिवस बटाट्यावर राहिले. सोबत लोणी-चरबी आणि किरकोळ फळं-भाजी, बस्स. प्रथिनांचा जवळजवळ सगळा भार बटाट्यावर. प्रथिनांत नायट्रोजन असतो, म्हणून आत गेलेला नायट्रोजन आणि बाहेर पडलेला नायट्रोजन रोज मोजत होते. दोघांचा हिशेब जुळत राहिला, तब्येती ठीक राहिल्या. १९२८ साली त्याचा निबंध छापून आला. म्हणजे मागच्या ओळीतल्या बाईंचं बरोबर होतं आणि व्यासपीठावरच्या बाईंचं चुकलं होतं. तेव्हापासून ‘बटाट्यात प्रोटीन नसतंच’ हे वाक्य मी बोलत नाही.

मात्र यावरून उद्यापासून पोराला बटाट्यावर ठेवू नका. त्या दोघांनी किती बटाटे खाल्ले असतील याचा अंदाज तुम्हालाही काढता येईल. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ती एकट्या बटाट्यातून काढायची तर रोज जवळजवळ २.४ किलो बटाटे खावे लागतील. आठवीतल्या मुलाच्या पोटात तेवढी जागा नसते, आणि असली तरी खेळायला कधी जाणार?

बटाट्याचं खरं दुखणं इथे आहे. माल चांगला, पण थोडा. तुमचं पत्र वाचल्यावर मी माझ्याच ओट्यावर वजनकाटा मांडला. दोन मध्यम बटाटे, सालासकट २१४ ग्रॅम. कुकरच्या तीन शिट्ट्या, सोलून फोडी केल्या तर १९० ग्रॅम. तेल, मोहरी तडतडली, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन मिरच्या, चिमूट साखर, वरून कोथिंबीर. कढईतून काढलेली सगळी भाजी एका माणसाच्या वाटीत जरा जास्तच झाली. त्या अख्ख्या भाजीत प्रथिनं किती? साडेतीन ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात. मुलाच्या डब्यात अंदाजे दीडशे ग्रॅम बटाटा जात असेल, म्हणजे पावणेतीन ग्रॅम. त्याच डब्यातल्या तीन पोळ्या, तीस-तीस ग्रॅम कणकेच्या धरल्या तर, साडेनऊ ग्रॅम देतात. म्हणजे डब्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त प्रथिनं पोळीची आहेत आणि भांडण मात्र भाजीवरून चाललंय.

आणि पोळीचं प्रथिन कसं आहे माहीत आहे? मापाला भरपूर, पण लायसिनमध्ये सपशेल नापास. गव्हाच्या एक ग्रॅम प्रथिनात लायसिन २७च्या आसपास, हवं ४८. तांदूळ थोडा बरा, पण तोही कमीच. म्हणजे भाच्याने ज्या बटाट्याला नावं ठेवली तोच या डब्यात पोळीच्या मदतीला धावणारा. हिशेब मांडून बघू : पोळ्यांतून लायसिन २५५ मिलिग्रॅमच्या आसपास, बटाट्यातून १७१. एकूण ४२६, एकूण प्रथिनं सव्वाबारा ग्रॅम. भागलं तर दर ग्रॅमला ३५. सत्तावीसवरून पस्तीसवर आणलं, पण ४८ काही गाठलं नाही. बटाटा पोळीला हात देतो, पण ओढून वर काढण्याइतका तो वजनदार नाही.

वर कोण काढतं? वरण. पंचवीस ग्रॅम तूरडाळ, म्हणजे शिजवल्यावर एक बऱ्यापैकी घट्ट वाटी, साडेपाच ग्रॅमच्या जवळ प्रथिनं आणि साडेतीनशेच्या वर लायसिन देते. त्यावर वाटीभर दही घातलं तर आणखी तीन ग्रॅम प्रथिनं आणि अडीचशे लायसिन. आता सगळं एकत्र करा. दर ग्रॅमला पन्नासच्या आसपास येतं. पास. आणि भाच्याचं लाडकं मेथिओनिन? डाळीत ते कमी असतं हे खरं, पण मेथिओनिन-सिस्टिनची जोडी गव्हात पुरेशी असते. पोळी डाळीची उणीव भरते, डाळ पोळीची. आपल्या आज्यांनी हे आकडे न मोजता वरण-पोळी मांडली, याचं मला कौतुक आहेच, पण त्या आज्यांच्या काळात वरणात डाळ दिसायची, हेही सांगायला हवं. हल्ली बऱ्याच घरांतलं वरण म्हणजे पिवळं पाणी असतं. ‘वरण नावाला’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून बोलतेय.

हे सगळं एकाच घासात, एकाच जेवणात जुळलं पाहिजे असं नाही हं. दुपारच्या डब्यात पोळी-बटाटा आणि रात्री घट्ट वरण, तरी चालतं. शरीर दिवसभराचा हिशेब एकत्र धरतं.

आता पूर्ण दिवस मांडते. डबा सव्वाबारा ग्रॅम. सकाळचे पोहे पावणेचार, दूध सहाच्या वर. रात्रीचा भात सहा, पोळी तीन, बटाटा दोनेक, पातळ वरण फार तर तीन. बेरीज छत्तीसच्या आसपास. हवेत पंचेचाळीस. नऊ ग्रॅमची तूट. भाचा ज्या तुटीची भीती घालतोय ती अशी आहे : एक वाटी दही, घट्ट वरण आणि मूठभर दाणे एवढ्याने भरून निघणारी. अंडं चालत असेल तर आणखी सोपं. यासाठी पावडरचा डबा आणायची काही गरज नाही. त्या पैशाचं दूध घ्या, म्हणजे भाच्यालाही चहा मिळेल. हं, मुलाचं वजन-उंची वर्षभरात वाढलीच नसेल, सारखा थकत असेल, तर मात्र आकडेमोड करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तसं पत्रात काही दिसत नाही.

मुलगा बटाटा सोडणार नाही हे गृहीत धरून चालू. तेराव्या वर्षी कोणाला कशाची चव आवडेल यावर आईचंही चालत नाही. मग बटाट्यालाच कामाला लावू. उपवासाची बटाट्याची भाजी आठवा : तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची, दाण्याचं कूट. दोन मोठे चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम कूट घातलं तर त्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं. वाटीतल्या बटाट्याइतकी किंवा जास्तच. चव त्याला अनोळखी नाही, एकादशीला खातच असेल. (दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून पोर्तुगिजांच्या जहाजात बसून आलेला कंद आपल्या उपवासाला चालतो आणि परसातली तूर चालत नाही, याचं मला कायम हसू येतं. पण आज ते फायद्याचं आहे.) दाण्यात लायसिन काही फार नसतं, पण मापाची तूट भरते. लायसिनसाठी मटार घाला. शंभर ग्रॅम ताज्या मटारात पाच ते सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मटार-बटाट्याला नाक मुरडणारं पोर मी अजून बघितलं नाही. तुमच्या कराड-कोल्हापूर पट्ट्यात मोडाची मटकी घरोघरी. मिसळीत मटकी आणि बटाटा एकाच वाटीत गुण्यागोविंदाने नांदतात, मग डब्यात का नाही? पहिल्या आठवड्यात मटकी चमचाभर, बटाटा वाटीभर. मग हळूहळू भागीदारी वाढवा. बोलून दाखवू नका. बोललात की डबा परत.

बटाटेवड्याचंही सांगून टाकते, कारण पुढचं पत्र त्यावरच येणार हे मला माहीत आहे. वड्याच्या बाहेरच्या बेसनात सारणापेक्षा जास्त प्रथिनं असतात. वीस ग्रॅम बेसन बसलं तर चार ग्रॅम. म्हणून वडा रोज चालेल असं नाही. तेल आहेच, आणि दुसरंही एक कारण आहे, ते खाली येईल.

आधी त्या तक्त्यातला एक आकडा, जो भाच्याच्या नजरेतून सुटला. सगळ्यांत मोठा आकडा लायसिनचा नाहीच. अॅस्पार्टिक आम्ल ४५७ आणि ग्लुटॅमिक आम्ल ३१३. दोन मिळून सगळ्या प्रथिनांच्या चाळीस टक्क्यांवर. ही दोन्ही शरीर स्वतः बनवतं, बाहेरून आणायची गरज नसते, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण ती एवढी का? कारण बटाट्यातला नायट्रोजन सगळा प्रथिनांच्या साखळीत बांधलेला नसतो. बराचसा सुट्टा फिरत असतो, आणि त्यात मोठा वाटा अॅस्परॅजिनचा. प्रयोगशाळेत नमुना आम्लात उकळला की अॅस्परॅजिनचं अॅस्पार्टिक आम्ल होतं आणि ते तक्त्यात त्या नावाने बसतं.

‘प्रथिनं १.८७’ हा आकडासुद्धा प्रथिनं मोजून आलेला नाही. नायट्रोजन मोजतात आणि सव्वासहाने गुणतात. नायट्रोजन मोजायची ही रीत डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली, बिअरला लागणाऱ्या धान्याचा कस जोखायला. सोपी रीत, म्हणून टिकली. पण सुट्टा नायट्रोजनही ती प्रथिन म्हणूनच धरते. म्हणजे बटाट्याचे ते पावणेदोन-दोन ग्रॅमही थोडे फुगवलेलेच. लायसिन, मेथिओनिन वगैरे मात्र वेगवेगळी मोजलेली असतात, त्यामुळे वर केलेल्या हिशेबाला धक्का लागत नाही.

हे अॅस्परॅजिन १८०६ साली पॅरिसमध्ये अॅस्परॅगसच्या रसातून पहिल्यांदा वेगळं केलं, म्हणून ते नाव. अॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीच्या भावकीतलं. निसर्गातून शुद्ध स्वरूपात मिळालेलं हे पहिलंच अमिनो आम्ल. पण मी ते सांगतेय ते तुमच्या कढईसाठी. अॅस्परॅजिन आणि बटाट्यातली साखर, दोन्ही एकशेवीस अंशांच्या वर तापली की तपकिरी रंग आणि तो खमंग वास येतो, आणि त्याबरोबर अॅक्रिलमाइड नावाचा एक नको असलेला पदार्थही तयार होतो. तळलेल्या-भाजलेल्या बटाट्यात तो असतो हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झालं. तोवर कोणाला पत्ताच नव्हता. त्याच तापात लायसिनही थोडं खर्ची पडतं, कारण साखरेशी जुळायला तेही उत्सुक असतं.

उकडलेल्या बटाट्याच्या पिवळ्या भाजीत हा प्रश्न येत नाही. कढईत पाणी आहे तोवर ती शंभर अंशांच्या फारशी वर जाणार कशी? दोन मिनिटं फोडणीत परतल्याने काही बिघडत नाही. प्रश्न काचऱ्यांचा. कच्च्या पातळ चकत्या कडकडीत तव्यावर टाकून कडा काळ्या होईपर्यंत ठेवतात, आणि पोरं नेमक्या त्या काळ्या कडाच आधी उचलतात. (मी अजूनही उचलते.) काचऱ्या करा, पण झाकण ठेवून, सोनेरी रंगावर थांबवा. शीतगृहातून आलेला बटाटा तळताना पटकन काळवंडतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो बटाटा भाजीला, रश्शाला वापरा, तळणीला नको. वड्याबद्दलचं दुसरं कारण म्हटलं होतं ते हेच, पण वड्यात बटाटा बेसनाच्या आत लपलेला असतो, त्यामुळे तो वेफर्सपेक्षा बरा.

सासूबाईंच्या ‘वातूळ’ला मी आकड्यांनी उत्तर देणार नाही. काहींना बटाट्याने पोट जड होतं, विशेषतः गार झालेल्या भाजीने, हे खरं आहे. हिंग, आलं, ओवा त्यासाठीच घालतात आणि ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. ‘निव्वळ पीठ’ म्हणतात त्यावर एवढंच सांगा की त्या पिठातलं प्रथिन गव्हाच्या पिठातल्या प्रथिनापेक्षा सरस निघालं. हे सांगायची वेळ जरा बघून निवडा.

उरला पाण्याचा प्रश्न. हो, जातं. सोललेल्या, चिरलेल्या फोडी पाण्यात उकळल्या की सुट्टी अमिनो आम्लं, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. साखळीत बांधलेली प्रथिनं बरीचशी फोडीतच राहतात, पण सुट्टा माल बटाट्यात किती असतो ते वर बघितलंच. बटाटे स्वच्छ धुऊन, सालासकट, अख्खे, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा. खालच्या पाण्याच्या वाफेवर व्यवस्थित शिजतात आणि सालही गरम असतानाच सरसर निघतं. घाईच्या दिवशी चिरूनच उकडावे लागले तर ते पाणी मोरीत ओतू नका, वरणात ढकला. वरण तेवढ्याने पातळ होईल म्हणून डाळ मूठभर जास्त लावा. तुम्हाला ते करायचंच आहे.

आणि मुलाला माझ्याकडून एक काम द्या. एक कोरा कागद, दोन रकाने, प्रथिनं आणि लायसिन. पोळी, बटाटा, वरण, दही यांचे आकडे वर दिलेत. एका बाजूला आत्ताचा डबा मांडायचा, दुसऱ्या बाजूला दोन चमचे कूट घातलेला. दाण्याच्या एक ग्रॅम प्रथिनात लायसिन ३६ धर म्हणावं. किती मार्क वाढले, आणि का एवढेच वाढले, हे मला पुढच्या पत्रात त्याच्याच अक्षरात कळवायचं. भाच्याला दाखवायचं की नाही ते त्याने ठरवावं.